अगदाल ते अगदाल : माराकेशच्या पाण्यामागे सहा दिवस

पहिला दिवस

मोरोक्कोतल्या कासाब्लांकाहून गाडी निघाल्यावर दोन तास खिडकीबाहेर करड्या रानाशिवाय काही नव्हतं. निवडुंगाची कुंपणं, दगडांचे ढीग, मधूनच चार मेंढ्या. आमच्याकडच्या माळमाथ्यावरून चाललोय असंच वाटावं. माराकेश जवळ आलं आणि डाव्या हाताला आभाळाच्या कडेला एक पांढरी रेघ उमटली. आधी ढग वाटले. शेजारचा म्हातारा बोट दाखवून म्हणाला, "अटलास."

त्या पांढऱ्या रेघेसाठीच, अटलास पर्वतावरच्या बर्फासाठीच मी आलो होतो. माझा जन्म पांझरेकाठचा, साक्री तालुक्यातला. आजोबा फडावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे, होते. मी कृषी अभियांत्रिकी शिकवतो, विषय सिंचन. पिकाला पाणी किती लागतं हे मुलांना शिकवताना गेली कित्येक वर्षं मी एकाच प्रदेशातल्या मोजण्यांचे दाखले देत आलो : माराकेशभोवतालचं हौझचं मैदान, तेन्सिफ्त नदीचं खोरं. निबंधांवर नावं कायम दोन गावांची असायची, तुलूज आणि माराकेश. फ्रान्समधल्या तुलूजची 'सेस्बिओ' ही संस्था उपग्रहांतून जमीन-पाणी वाचणारी. माराकेशचं कादी अय्याद विद्यापीठ जमिनीवर उभं राहून मोजणारं. २००२ मध्ये 'सुदमेद' नावाने दोघांचं काम सुरू झालं, पुढे त्यातूनच 'ट्रेमा' ही संयुक्त प्रयोगशाळा उभी राहिली. तुलूजच्या एक संशोधक बाई मला बंगळूरला भेटल्या होत्या. तिथे भारतीय विज्ञान संस्थेत पाण्याचा असाच एक भारत-फ्रान्स कक्ष आहे. त्या म्हणाल्या, "नुसतं वाचत काय बसता, येऊन बघा." म्हणून आलो.

रमजान चालू होता. स्टेशनबाहेर पडलो तेव्हा रोजा सुटायला वीस मिनिटं होती आणि सगळं शहर घराकडे धावत होतं. टॅक्सीवाल्याने मला खोलीवर सोडलं, पैसे घ्यायच्या आधी माझ्या हातावर तीन खजूर ठेवले आणि गेला.

दुसरा दिवस

सकाळी अगदालच्या बागेत. हे काम इथूनच सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल.

माराकेशच्या जुन्या तटबंदीला लागून दक्षिणेला ही बाग पसरली आहे. मूळ बाराव्या शतकातली, अल्मोहाद राजवटीतली. जुन्या शहरासकट ती १९८५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आत शिरलं की बाग हा शब्द तोकडा पडतो. जैतुनाची ओळीने लावलेली झाडं, अडीचशे हेक्टरांच्या वर, आणि मधोमध दोन प्रचंड चौकोनी तलाव. इथे त्यांना 'सहरिज' म्हणतात. अटलासमधून पाटाने आलेलं पाणी तिथे साठतं आणि पाळीपाळीने झाडांना सोडलं जातं. तलावाच्या भिंतीवर उभं राहिलं की पाण्यात बर्फाचे डोंगर उलटे दिसतात. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी हे ज्यांनी बांधलं त्यांना उतार कळत होता, गाळ कळत होता, आणि डोंगरातलं पाणी सपाटीवर आणून थांबवायचं कसं हेही कळत होतं.

तुलूजच्या बाई आणि माराकेशची पीएचडी करणारी एक मुलगी सोबत होती. झाडांच्या दोन ओळींमधल्या एका रिकाम्या जागी बाई थांबल्या. सुरुवातीच्या वर्षांत इथे झाडांच्या शेंड्यांवर जाणारा खांब होता, म्हणाल्या. त्यावर 'एडी कोव्हेरियन्स'ची यंत्रं.

हे यंत्र काय करतं ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. झाडांवरून वारा सरळ वाहत नाही, तो भोवऱ्यांनी वाहतो. एक झुळूक खालून वर जाते, दुसरी वरून खाली येते. वर जाणारी झुळूक ओली असेल आणि खाली येणारी कोरडी, तर त्या फरकाइतकं पाणी शेतातून हवेत गेलं. खांबावरच्या एका उपकरणाचे बारीक दांडे एकमेकांकडे ध्वनिलहरी सोडून वाऱ्याचा वेग आणि दिशा पकडतात. शेजारचं दुसरं उपकरण हवेतली वाफ मोजतं. दोन्ही मोजण्या सेकंदाला वीस वेळा. रात्रंदिवस, महिनोन्‌महिने. त्यातून कळतं की या जैतुनाच्या रानाने आज किती मिलिमीटर पाणी प्यायलं आणि सोडलं.

हौझमध्ये वर्षाला पाऊस पडतो साधारण २५० मिलिमीटर. हवा मात्र वर्षाला १,६०० मिलिमीटर पाणी ओढायला बसलेली. मधली तूट डोंगरातल्या बर्फाने, धरणांनी आणि जमिनीतून उपसलेल्या पाण्याने भरायची. खोऱ्यातलं वापरायचं पाणी बहुतेक सगळं, शंभरातलं ऐंशीच्या वर, शेतीलाच जातं. म्हणून झाड नेमकं किती पितं हा इथे जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

त्या मुलीने विचारलं, "सर, तुमच्याकडे पाणी वाटायचं कोण ठरवतं?" मी तिला फड सांगितला. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली थळ, थळाचे फड, प्रत्येक फडात एकच पीक, आणि पाणी कुणाला कधी ते पाटकरी बघणार. ती लगेच म्हणाली, "म्हणजे आमची नौबा." पाटावरच्या पाळीला इथे नौबा म्हणतात. मला एकदम 'नौबत' आठवली. आपण नौबत वाजते म्हणतो, नौबत येते म्हणतो. तो अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ पाळी, वेळ, असाच. साक्रीतल्या माझ्या आजोबांची पाळी आणि हौझमधली नौबा, दोन्ही माझ्याच भाषेत शेजारी शेजारी राहत होत्या आणि मला पत्ता नव्हता.

जाता जाता बाईंनी 'अगदाल'चा अर्थ सांगितला. शब्द अमाझिग लोकांचा, म्हणजे या डोंगरांतल्या मूळ रहिवाशांचा. अर्थ : राखून ठेवलेली जागा. "डोंगरात वर आणखी एक अगदाल आहे," म्हणाल्या, "परवा बघाल."

तिसरा दिवस

शहराच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर गव्हाचं सपाट रान. कालव्याखालचा भाग, चाऱ्या आखलेल्या, दगडी दरवाजे, सगळं आपल्या लाभक्षेत्रासारखं. फक्त बऱ्याच चाऱ्या कोरड्या. सलग अनेक वर्षांच्या दुष्काळाने धरणांतलं पाणी आधी शहरांना गेलं आणि शेतीच्या पाळ्या कमी झाल्या, काही हंगामांत पार बंद. जिथे विहीर आहे तिथे गहू हिरवा, शेजारच्या तुकड्यात माती उघडी.

इथला खांब कमरेएवढ्या गव्हात उभा होता. त्या मुलीने पिशवीतून कापसाचा बोळा आणि ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली काढली, वाफ मोजणाऱ्या उपकरणाची काच पुसली आणि बोळा मला दाखवला. विटकरी झाला होता. सहाराची धूळ. "दोन आठवड्यांत एवढी," म्हणाली. काच पुसली नाही की आकडे बिघडतात, आणि इथले बिघडलेले आकडे तुलूजच्या संगणकावर लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. ती दर पंधरवड्याला बसने येते, शेवटचे दोन किलोमीटर चालत.

खांबाची राखण एक वयस्कर शेतकरी करतात. सगळे त्यांना हाज म्हणतात. त्यांच्या घरात एक जाड वही आहे. कुठल्या दिवशी पाणी दिलं, किती तास, पाऊस पडला का, मेंढ्या तारेपाशी आल्या का, बॅटरी कधी बदलली. पानं उलटताना अक्षरं बदलत जातात. आधी फ्रेंच, गोल गोल अक्षर. मग अरबी आणि फ्रेंच शब्द एकत्र. मग बरीच पानं हाजच्या मुलाच्या हातची. हल्ली ही मुलगी लिहिते. उपग्रहाच्या चित्रावरून पाण्याचा हिशेब करायचा तर तो कशाला तरी ताडून पाहावा लागतो, आणि ते ताडून पाहणं शेवटी या वहीपाशी येऊन थांबतं. मी ती वही बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

हिशेबाची रीत मला पाठ आहे. वर्गात मी तीच शिकवतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये छापलेली ५६ व्या क्रमांकाची पुस्तिका : हवेची ओढ मोजा, तिला पिकाच्या गुणांकाने गुणा, पिकाची गरज मिळते. अडचण अशी की गुणांक पुस्तकातला आणि शेत खरं. एकाचा गहू विरळ, दुसऱ्याचा दाट, तिसऱ्याने पेरणीच उशिरा केली. इथल्या लोकांनी तो गुणांक उपग्रहातून काढायची वाट पक्की केली. हिरवं पान लाल प्रकाश गिळतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. त्या दोहोंतल्या फरकावरून प्रत्येक तुकड्यात पीक किती भरलंय ते समजतं. युरोपचे सेंटिनेल-२ जातीचे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच शेतावरून जातात आणि त्यांची चित्रं सगळ्या जगाला फुकट आहेत. हे सगळं एकत्र बांधणाऱ्या त्यांच्या आज्ञावलीचं नाव 'सामिर'.

हाजला मी विचारलं, या मोजण्यांचा तुम्हाला काय उपयोग? त्यांनी जरा विचार केला. मुलीने भाषांतर केलं : "पूर्वी मी जमीन बघून पाणी द्यायचो. आता यांनी सांगितलं की फुलोऱ्याच्या आधीची एक पाळी सोडली तरी चालते. सोडली. गहू तेवढाच झाला." मग विहिरीकडे हात करून ते आणखी एक वाक्य बोलले. ते तिने लगेच सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर सांगितलं : "पण वाचलेलं पाणी शेजारी उपसतो."

ते वाक्य मला माझ्या गावातही ऐकायला मिळालं असतं. इथे २००८ नंतर सरकारने ठिबकला भरघोस अनुदान दिलं, नळ्या रानोरान पसरल्या. झाडाला पाणी नेमकं मिळू लागलं हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर लोकांनी आणखी जमीन ओलिताखाली आणली, आणि भूजल खाली जातच राहिलं. आमच्याकडे उसाचं आणि डाळिंबाचं ठिबक आलं तेव्हा हेच झालं. मोजणी चोख झाली म्हणून वाटणी आपोआप नीट होत नाही. शिकवणाऱ्याने हे वर्गात सांगायला हवं आणि मी ते पुरेसं सांगत नव्हतो.

चौथा दिवस

पहाटे उरिकाच्या खोऱ्यातून वर. खाली बदाम-अक्रोडाची झाडं, मातीची घरं, पाण्याच्या कडेने जाणारे अरुंद पाट. काही घरांच्या भिंती भेगाळलेल्या, काही जागी नुसता ढिगारा आणि शेजारी सिमेंटच्या विटांचं नवं बांधकाम. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ क्षमतेचा भूकंप झाला तो याच डोंगरांत, केंद्र इथून नैर्ऋत्येला. जवळपास तीन हजार माणसं गेली. मी किल्लारीचं नाव घेतलं. ड्रायव्हरला ते माहीत असायचं कारण नव्हतं, पण मातीची घरं आणि रात्रीची वेळ एवढं सांगितल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला आणि थोडा वेळ कुणी बोललं नाही.

उकैमेदेन २,६०० मीटरवर आहे. माराकेशपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, पण दुसरा देशच. हिवाळ्यात लोक इथे बर्फावर घसरायला येतात. आम्ही रोपवेच्या पाळण्यातून आणखी वर गेलो. सव्वातीन हजार मीटरच्या आसपास कड्यावर हवामानाचं केंद्र आहे. समोर तुबकाल, ४,१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेचं सगळ्यात उंच शिखर.

आडव्या दांड्यावरून खाली तोंड करून टांगलेलं एक छोटं उपकरण बर्फावर ध्वनी सोडतं आणि परत यायला लागलेल्या वेळावरून बर्फाची जाडी सांगतं. पण जाडी म्हणजे पाणी नव्हे. ताजं हिम कापसासारखं, जुनं दगडासारखं. म्हणून खड्डा खणायचा. चार विद्यार्थी, चौघांचाही रोजा, त्या उंचीवर, घोटभर पाणीही न पिता फावड्याने बर्फ काढत होते. मी हात लावायला गेलो आणि दहा फावड्यांत माझं डोकं ठणकू लागलं. त्यांनी मला बसवलं आणि वजनकाटा धरायचं काम दिलं. धातूची पोकळ नळी बर्फात खुपसायची, भरलेली नळी काट्याला लावायची, मुलगी आकडा लिहिणार. थरागणिक. खड्डा ६२ सेंटिमीटर निघाला. हिशेब केला तेव्हा पाणी भरलं २१ सेंटिमीटर. वहीत तो आकडा मांडून तिने खाली दोन रेघा मारल्या आणि मला शब्द शिकवला : अदफल, म्हणजे बर्फ. अमान, म्हणजे पाणी. "खाली हाजकडे जाणारं अमान इथे अदफल असतं."

या डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांमध्ये बर्फाचा वाटा खोऱ्याप्रमाणे बदलतो. पंधरा टक्क्यांपासून ते जवळपास निम्म्यापर्यंत. त्यातही सगळं बर्फ वितळून खाली येत नाही. कोरड्या हवेत आणि कडक उन्हात काही बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातं. ते किती, हे उपग्रहाला दिसत नाही. ते या कड्यावर बसून मोजावं लागतं.

पाळण्यातून खाली आलो तेव्हा पुढ्यात एक विस्तीर्ण गवताळ माळ, अर्धा बर्फाखाली, अर्धा ओला हिरवा. कडेला दगडी गोठे, आणि खडकांवर कांस्ययुगातली कोरलेली चित्रं : खंजीर, जनावरं. हाच दुसरा अगदाल. घेराया आणि उरिका या दोन जमातींचं सामाईक कुरण. दरवर्षी १५ मार्चला ते बंद होतं आणि १० ऑगस्टला उघडतं. मधल्या काळात एकही जनावर आत नाही. गवत फुलतं, बी धरतं, झडतं, आणि मग एका ठरल्या दिवशी सगळे कळप एकदम वर येतात. ही आमची चराईबंदी, फक्त कितीतरी जुनी. आणि ती कुणा सरकारी फलकाची नाही, दोन शेजाऱ्यांच्या शब्दाची. फ्रेंच आणि मोरोक्कन संशोधकांनी या नियमावरही बरंच लिहिलं आहे, आणि माझ्या मते खांबावरच्या यंत्राइतकंच ते काम मोलाचं आहे. वाचलेलं पाणी शेजारी उपसतो या हाजच्या वाक्याला उत्तर असलंच तर ते या माळाच्या बाजूने शोधावं लागेल.

रात्र तिथेच. रोजा सुटला तेव्हा हरिरा या सूपचं गरम वाडगं, खजूर, उकडलेली अंडी, मधात बुडवलेली शेबाकिया. दिवसभर ज्यांनी खणलं त्यांनी आधी माझ्या वाडग्यात वाढलं.

जेवणानंतर बाहेर आलो तर वरच्या खांद्यावर वेधशाळेचे घुमट दिसत होते. या डोंगराशी युरोपचं जुनं नातं तिथलं आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नीस विद्यापीठाने सूर्याची थरथर मोजण्यासाठी पृथ्वीभोवती केंद्रांची माळ गुंफली, एकाकडे सूर्य मावळला की दुसऱ्याकडे उगवलेला हवा म्हणून. त्यातलं एक केंद्र उकैमेदेनला होतं. अशाच दुसऱ्या एका माळेत आपलं उदयपूर आहे. आता इथे बेल्जियमच्या लिएज विद्यापीठाची आणि कादी अय्यादची मिळून ६० सेंटिमीटरची 'ट्रॅपिस्ट-नॉर्थ' दुर्बीण आहे, २०१६ पासून. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या मंद ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत हे फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झालं, त्यामागच्या निरीक्षणांत हिचाही हात होता. त्याआधीच्या वर्षी पहिले ग्रह सापडले तेव्हा लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणीने साथ दिली होती. विद्यार्थी म्हणाले, वेधशाळेतल्या मित्रांशी आमचं एकाच गोष्टीवरून वाजतं. त्यांना निरभ्र रात्र हवी, आम्हाला ढग.

पाचवा दिवस

खाली माराकेशला, विद्यापीठात. दुपारभर आकडे, आलेख, चर्चा. इथली पीएचडी पुष्कळदा दोन विद्यापीठांची मिळून असते. एक मार्गदर्शक इथला, एक तिथला, काही महिने इकडे, काही तिकडे, पदवी दोन्हींची. मला ही पद्धत फार आवडली. निबंधावर पाहुण्याचं नाव चिकटवण्यापेक्षा ती कितीतरी सरळ आहे. आज इथे शिकवणाऱ्यांतले काही जण वीस वर्षांपूर्वीचे असेच विद्यार्थी.

पण त्या मुलीचं तिकडे जाणं अडलं आहे. युरोपात एका परिषदेत तिचा निबंध मंजूर झाला होता. व्हिसा नाकारला गेला, दुसऱ्यांदा. कारणाच्या चौकटीत खूण केलेली, बाकी एक शब्द नाही. तिने आपलं भाषण याच खोलीतून पडद्यावर दिलं. मध्येच आवाज गेला, प्रश्न कळले नाहीत. तुलूजच्या बाई हे सांगताना तापल्या होत्या. "तिच्या डोक्यावरून दर पाच दिवसांनी आमचा उपग्रह जातो. त्याला कुणी परवाना विचारत नाही. तिने पुसलेल्या काचेवरचे आकडे रोज समुद्र ओलांडतात. आणि ती ओलांडू शकत नाही." त्यांनी प्रत्येक वेळी पत्रं लिहिली आहेत, पुन्हा लिहिणार आहेत. मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "मी तिसऱ्यांदा अर्ज करते आहे. बर्फाची मोजणी संपल्यावर."

मला राग आला आणि अजून आहे. दोन देशांचं संशोधन म्हणताना आपण करार मोजतो, निधी मोजतो. कोण कुठे जाऊ शकतं हेही मोजायला हवं.

निघताना मी त्यांना एक गोष्ट मागितली : हाजच्या वहीतली दहा पानं, फोटो काढून. माझ्या वर्गासाठी. त्यांनी आधी हाजला फोन लावून विचारलं, मग दिली.

सहावा दिवस

परतीची गाडी. अटलास ढगांत होता, पांढरी रेघ दिसली नाही. सेत्तातच्या पुढे मोबाइलवर तिचा निरोप आला. वरच्या केंद्रावर रात्री बर्फ पडलं होतं, उपकरणाचा आकडा ६२ वरून ८१ वर गेला होता, पण तिला तो खरा वाटत नव्हता, तोंडावर हिम चिकटलं असेल. शनिवारी वर जाऊन खणून बघते, म्हणाली. मी लिहिलं, ताजं आहे, वजन हलकं निघेल. तिचं उत्तर आलं, "सर, पैज?"

मी एकोणीस सेंटिमीटरचं दोन सेंटिमीटर पाणी लिहून पाठवलं.